तंत्रज्ञानाच्या काही शे मथळ्यांतून सात-आठ कसे निवडायचे

प्रश्न असा आहे : तंत्रज्ञान आणि इंटरनेटवरच्या घडामोडींचं संकलन रोज वाचतो, तरी आठवडा संपला की डोक्यात काहीच उरत नाही. सध्या जे चाललंय त्यातलं खरोखर लक्ष देण्याजोगं काय, आणि ते ओळखायचं कसं?

असं संकलन तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दर आठवड्याला काही शे मथळे नजरेखालून जातात, त्यांतले सात-आठ मी ठेवते. कोणते ठेवायचे याचा माझा निकष एकच आहे. कोण कशाच्या आधारावर उभं आहे, हे ज्या बातमीतून कळतं ती ठेवायची. तो आधार कोण सांभाळतंय, त्याला कोण ओरबाडतंय, तो कधी काढून घेतला जाणार आहे, एवढं कळलं की बातमी लक्षात राहते, कारण तिचा धागा तुमच्या स्वतःच्या वापराशी जुळतो.

त्यामुळे नव्या फोनचं अनावरण मी बाजूला ठेवते. कुठल्या कंपनीचं बाजारमूल्य कुठवर गेलं, कोणत्या दोन कंपनीप्रमुखांची जाहीर जुंपली, कुठल्या मॉडेलनं कुठल्या चाचणीत दोन गुण जास्त मिळवले, हेही. महिन्याभरानं वाचलं तरी तुमचं काही अडत नाही.

आता ठेवण्याजोगी बातमी कशी असते ते सांगते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं एक गोष्ट जाहीर केली. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो, पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासातही आहे, आणि त्या दिवसांत तो वेगळ्याच कसल्यातरी मोजमापात गुंतला होता. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनानं, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय. अर्धा सेकंद! कुणीही सोडून दिलं असतं. त्यानं सोडलं नाही. उलट माग काढत तो एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पापर्यंत पोहोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्याला अशा सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांमध्ये या आवृत्त्या शिरण्याआधीच हे उघडकीला आलं. नाहीतर काय झालं असतं याचा विचार करूनही मला आजही धडकी भरते.

पण बातमीचा गाभा चोरदरवाज्यात नाही, तो बसवायला वाव कसा मिळाला यात आहे. ‘जिया टान’ या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी २०२१ पासून शांतपणे चांगली कामं करून विश्वास कमावला आणि हळूहळू प्रकल्पाच्या चाव्या मिळवल्या. मूळ मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, लासे कॉलिन एकटा होता. हा आपला विनामोबदला छंदाचा प्रकल्प आहे आणि दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपल्याला त्याकडे पुरेसं लक्ष देता येत नाही, असं त्यानं २०२२ मध्ये उघडपणे लिहिलं होतं. त्याच सुमाराला काही अनोळखी खाती त्याच्यामागे लागली होती, की झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सोपव. सगळीकडे ही बातमी सायबर सुरक्षेच्या सदरात गेली. मी ती एका थकलेल्या माणसाची बातमी म्हणून ठेवली. अख्खं जग त्याच्या कामावर टेकलेलं होतं आणि त्याच्या मदतीला कुणी नव्हतं.

एकदा या नजरेनं पाहिलं की जुन्या बातम्याही एका माळेत येतात. एप्रिल २०१४ मधली, वेबवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलची हार्टब्लीड त्रुटी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकानं काढून घेतला आणि जगभरच्या कितीतरी प्रकल्पांची बांधणी अडली. डिसेंबर २०२१ मधली, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या साधनातली त्रुटी. दर वेळी धक्का तोच : एवढं मोठं ओझं एवढ्या लहानशा खांबावर होतं होय?

मोठ्या कंपन्यांचे खांबही फार वेगळे नसतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. विमानं जमिनीवर राहिली, रुग्णालयांची कामं खोळंबली. त्या सकाळी मी संकलनाच्या मसुद्यात ‘हल्ला’ हा शब्द लिहिला होता, कारण आजूबाजूला सगळे तोच शब्द वापरत होते. पाठवण्याआधी तो खोडला आणि ‘बिघाड, कारण अस्पष्ट’ असं केलं. बरं झालं. पुढे कंपनीच्या अहवालातून कळलं की धोके ओळखणाऱ्या नव्या नियमाला २१ माहितीघटक हवे होते आणि प्रत्यक्षात पुरवले जात होते २०. एकविसावा शोधायला गेलेला प्रोग्रॅम नको तिथली मेमरी वाचू लागला आणि यंत्र कोसळलं. कंपनीनं ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतला होता, पण तोवर अडकलेल्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांपाशी माणसानं जाऊन, ती सेफ मोडमध्ये सुरू करून, फाईल हातानं काढावी लागली. काही मिनिटांची चूक निस्तरायला दिवसचे दिवस गेले ते यामुळे.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा एक मोठा विभाग कोलमडला. त्यात दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या. एक मागे रेंगाळली, तिनं पत्त्यांची जुनी योजना नव्या योजनेवर चढवली, आणि मग सफाई करणाऱ्या टप्प्यानं ती ‘जुनी’ म्हणून पुसून टाकली. परिणामी डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या पत्त्याची डीएनएस नोंदच रिकामी झाली. सर्व्हर जागेवर होते, पण त्यांचा पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. महिनाही उलटला नव्हता तोच १८ नोव्हेंबरला, असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर आडवं झालं. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये केलेल्या एका बदलामुळे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, ओळखणाऱ्या यंत्रणेच्या फाईलमध्ये नोंदी दोनदा आल्या, फाईल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम बंद पडला. सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या अभियंत्यांनाही हा हल्लाच वाटला होता. ज्यांचं घर जळतंय त्यांनाही पहिल्या तासात आग कशानं लागली ते कळत नाही, हे मी त्या दिवसापासून कायमचं लक्षात ठेवलं आहे.

म्हणून अशा बातमीच्या पहिल्या दिवसाच्या मथळ्यावर मी वेळ घालवत नाही. तारीख वहीत टिपते आणि कंपनीचा पोस्टमॉर्टेम अहवाल आला की शांतपणे वाचते. क्लाउडफ्लेअरचा त्याच दिवशी आला, क्राउडस्ट्राइकचा सविस्तर अहवाल यायला ऑगस्ट उजाडला. बहुतेक वाचक तोवर पुढे गेलेले असतात. तुम्ही जाऊ नका. एका अहवालातून जे कळतं ते पन्नास मथळ्यांतून कळत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येते, कारण तुमच्या त्या न उरणाऱ्या मथळ्यांतले निम्मे तरी तिचेच असणार. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं तेव्हापासून रोज काहीतरी ‘आजवरचं सर्वांत शक्तिशाली’ येतंय. तुलना करत बसण्यापेक्षा हे सगळं कशाच्या जिवावर चाललंय तिकडे पाहा. इथे तीन सुट्या बातम्या एकत्र ठेवून दाखवते, कारण संकलनाचं खरं काम मला यात दिसतं.

पहिली, जून २०२३. लोकांच्या चर्चांचं संकेतस्थळ असलेल्या रेडिटनं बाहेरच्या अ‍ॅपना आपला मजकूर मिळवण्यासाठी पैसे आकारायचं ठरवलं होतं. अपोलो या लोकप्रिय अ‍ॅपच्या विकासकानं हिशेब मांडला, वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर. हजारो समुदायांच्या मॉडरेटरांनी, म्हणजे चर्चा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी, निषेध म्हणून दारं बंद केली. कंपनी हलली नाही आणि ३० जूनला अपोलो बंद झालं. दुसरी, फेब्रुवारी २०२४. त्याच रेडिटनं गूगलला आपला मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरू देण्याचा करार केला. रॉयटर्सनं दिलेला आकडा वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा होता. तिसरी, मे २०२४. गूगलच्या शोधात वर दिसू लागलेल्या कृत्रिम सारांशानं एका माणसाला सल्ला दिला की पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा डिंक घाला. शोधणाऱ्यांना त्या सल्ल्याचं मूळ रेडिटवरच्या सुमारे अकरा वर्षं जुन्या, थट्टेत लिहिलेल्या एका प्रतिक्रियेत सापडलं.

तिसरी बातमी जगभर हसण्यावारी गेली. मला तिचं फार वाईट वाटलं. लोकांनी वर्षानुवर्षं एकमेकांसाठी, फुकट, आपुलकीनं लिहिलेलं सगळं – उत्तरं, अनुभव, थट्टा – आधी कुंपणात गेलं, मग विकलं गेलं, आणि शेवटी कोण कुणाशी कशाबद्दल बोलत होतं हा संदर्भ झडून ‘माहिती’ म्हणून परत आलं. मथळे वेगवेगळ्या महिन्यांत आले म्हणून साखळी दिसली नाही, इतकंच.

हीच साखळी दुसऱ्या टोकानं पाहा. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये रोबोट्स डॉट टीएक्सटी या छोट्या फाईलची कल्पना मांडली. संकेतस्थळाच्या दारावर लावलेली ती एक विनंती होती, की बॉट महाशय, अमुक पानं घेऊ नका. तिला कायद्याचं बळ नव्हतं, पण जवळपास तीन दशकं प्रतिष्ठित शोधयंत्रं ती पाळत आली, कारण त्या बदल्यात ती वाचक पाठवत होती. मॉडेलसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर वाचक पाठवत नाहीत, त्यामुळे तो जुना सलोखा तुटला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठाननं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून चित्रं आणि ध्वनिचित्रफिती उतरवून घेण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आहे, आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीतला ६५ टक्के वाटा बॉटचा आहे. देणग्यांवर चालणाऱ्या ज्ञानकोशाचा पैसा असा बॉटना पोसण्यात जातो. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरनं नव्या ग्राहकांसाठी असे क्रॉलर मुळातच अडवायला सुरुवात केली. यापुढे मोफत उघडं वेब किती उरेल, हा मला सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न वाटतो, आणि त्यावरची प्रत्येक विश्वासार्ह बातमी मी ठेवते, मग ती कितीही रूक्ष का असेना.

मेंटेनर मंडळींवरही हे ओझं येऊन पडलंय. कर्ल हे डेटाची ने-आण करणारं साधन अब्जावधी उपकरणांत आहे. त्याचे डॅनियल स्टेनबर्ग २०२५ मध्ये वारंवार सांगत होते की चॅटबॉटकडून लिहून घेतलेले, वरकरणी अभ्यासपूर्ण पण आतून पोकळ सुरक्षा-अहवाल वाचण्यात त्यांच्या चमूचा वेळ जातोय. २०२६ च्या सुरुवातीला त्यांनी त्रुटी शोधणाऱ्यांना पैसे देण्याची योजनाच बंद केली. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळानं तर डिसेंबर २०२२ मध्येच, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नसताना, चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला मनाई केली होती. कारण दिलं होतं ते नेमकं होतं : उत्तरं बरोबर वाटतात, पण चुकीची असण्याचं प्रमाण फार आहे, आणि ती तपासायला माणसं पुरत नाहीत. लिहिणं स्वस्त झालं, तपासणं होतं तेवढंच महाग राहिलं.

इंटरनेट संस्कृतीच्या बातम्यांना बरेच जण करमणूक समजून गाळतात. तसं करू नका. वर्षाचा शब्द निवडण्याची बातमी घ्या. ऑक्सफर्डनं २०२४ साठी ‘ब्रेन रॉट’ निवडला, २०२५ साठी ‘रेज बेट’, म्हणजे लोकांना चिडवण्यासाठीच टाकलेला मजकूर. मेरियम-वेबस्टरनं २०२५ साठी ‘स्लॉप’ घेतला : यंत्रानं ढिगानं पाडलेला निकृष्ट माल. तिन्ही शब्द लोकांच्या तोंडातून आले, कुठल्या समितीनं घडवले नाहीत. आपल्याला काय खुपतंय हे लोक आधी शब्दांत आणि मीममध्ये बोलतात, अहवाल पुष्कळ मागाहून येतात. व्हायरल चित्राच्या बाबतीत मात्र मी एक पथ्य पाळते. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढऱ्याशुभ्र फुगीर जॅकेटमध्ये दिसले तेव्हा चांगले जाणते लोक फसले. चित्र मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनानं बनवलेलं होतं. तेव्हा बोटं नीट मोजा, चष्म्याची काच पाहा असे सल्ले दिले जात. ते आता निरुपयोगी आहेत, मॉडेल सुधारली. चित्राकडे टक लावून बसू नका. ते पहिल्यांदा कुणी टाकलं आणि त्या प्रसंगाचं दुसऱ्या कुणाचं छायाचित्र आहे का, तेवढं शोधा.

कायद्यांच्या बातम्यांसाठी एकच सूचना : घोषणेची नाही, अंमलाची तारीख टिपा. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर बंदी आणणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला, लागू झाला १० डिसेंबर २०२५ ला. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अस्तित्वात आला, पण त्यातली कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत; बंदी घातलेल्या वापरांची तरतूद फेब्रुवारी २०२५ पासून, सर्वसाधारण मॉडेलांची ऑगस्ट २०२५ पासून. खटल्यांचंही तेच. गूगलनं शोध-बाजारात बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला तेव्हा क्रोम विकावं लागणार अशा बातम्यांचा पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजनेचा आदेश आला, त्यात क्रोम विकायला लावलेलं नाही.

राहिल्या बंद पडण्याच्या बातम्या. माझ्या संकलनात त्यांना कायमची जागा आहे आणि वाचकांना प्रत्यक्ष उपयोग सर्वांत जास्त त्यांचाच होतो. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमानं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना २०१६ पूर्वी चढवलेलं संगीत गेलं. एक कोटीहून जास्त कलाकारांची पाच कोटींहून जास्त गाणी. मे २०२५ मध्ये स्काइप संपलं, जुलैमध्ये लेख साठवून ठेवायचं पॉकेट. आणि ज्यांच्या भरवशावर आपण म्हणतो की ‘जुनं पान तिथे मिळेल’, त्या इंटरनेट अर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन ३.१ कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद ठेवावं लागलं. अशी बातमी दिसली की लगेच दोन गोष्टी बघा : माझं तिथे काय आहे, आणि ते उतरवून घेण्याची शेवटची तारीख कोणती. मी हे एकदा पुढे ढकललं आणि एका बंद झालेल्या सेवेवरच्या माझ्या सहा वर्षांच्या टिपा कायमच्या गेल्या.

वाचायचं कसं, याचं माझं उत्तर जुन्या वळणाचं आहे. आरएसएस वापरा, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लेखन तुमच्यापाशी एका जागी आणून देणारी फीड. गूगल रीडर हे अशा फीड वाचायचं अ‍ॅप १ जुलै २०१३ ला बंद झालं म्हणून आरएसएस मेलं असं अनेकांना वाटतं, पण आरएसएस ही कुणा कंपनीची मालमत्ता नाही. कितीतरी संकेतस्थळं आजही फीड देतात आणि चांगले वाचक-अ‍ॅप उपलब्ध आहेत. त्यात काय दिसावं हे तुम्ही ठरवता, तुमचा राग किती वेळ टिकतो हे मोजणारं गणित ठरवत नाही. पंधरा-वीस स्रोत पुरे, आणि त्यांत निम्मे तरी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे असू द्या, म्हणजे मेंटेनर, सुरक्षातज्ज्ञ, ग्रंथपाल, मॉडरेटर. रोज वाचू नका, आठवड्यातून दोनदा पुरतं. वाचताना एक वही जवळ ठेवा, तिच्यात फक्त ‘पुढे काय झालं’ हे विचारायच्या बातम्या तारखेसह लिहा आणि महिन्यातून एकदा ती वही घेऊन बसा. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून धागे स्वतःहून जुळायला लागतील.

माझ्या वहीत एप्रिल २०२४ च्या पानावर ‘एक्सझेड – पुढे काय?’ असं लिहिलेलं होतं. मे अखेरीस ५.६.२ ही आवृत्ती आली, चोरदरवाजा काढून स्वच्छ केलेली. ती लासे कॉलिननंच काढली होती. त्या आठवड्यात मोठ्या मथळ्यांमध्ये तिचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. माझ्या संकलनात ती पहिल्या क्रमांकावर होती.